मारुतीच्या पारापुढे काढलेलं झाकण

आमच्या गावात नवं काही आणलं की ते आधी मारुतीच्या पारापुढे नेऊन उभं करतात. ट्रॅक्टर असो, पेरणीयंत्र असो, नाहीतर कुणाच्या पोराची मोटारसायकल. नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं, चाकाखाली लिंबू चिरडतं, आणि मग आख्खा गाव त्या वस्तूभोवती फिरतो, हात लावतो, दाबून बघतो. कुणी तसं न करता परस्पर घरी नेलं, तर एवढं काय लपवायचं होतं असे टोमणे त्याला वर्षभर ऐकावे लागतात. पारनेर तालुक्यातल्या त्या एका पाराने माझ्या वडिलांचं पेटंट खाल्लं. पाराला एकट्याला दोष देते खरी, पण त्यात मीही होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. रस्त्याकडेला त्यांचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे, शिक्षण सातवीपर्यंत. मी एम.एस्सी. झाले आणि ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात कागद आला की तो माझ्यापुढे येतो. इंग्रजी कागद असेल तर तो मी बरोबर जागच्या जागी बसवीन अशी नानांची खात्री असते. निदान तेव्हा होती.

यंत्र होतं कांद्याची पात कापायचं. कांदा उपटल्यावर बायका ओळीने बसतात आणि इळ्याने एकेका कांद्याची पात कापतात. माझ्या आईने उभा जन्म ते केलं. पातीखालची कांद्याची मान बोटभर ठेवून कापायची असते. फार जवळून कापली तर चाळीत कांदा सडतो, लांब ठेवली तर व्यापारी नाक मुरडतो. बाजारातली जी यंत्रं नानांनी बघितली होती, ती सगळ्या माना एकाच मापाने धरायची. जाड मानेचा कांदा चिरडायचा, बारीक मानेचा निसटायचा. नानांनी एका बंद पडलेल्या छापखान्यातून दोन रबरी रूळ आणले आणि त्यातला एक स्प्रिंगवर बसवला. मान जाड आली की रूळ मागे सरकायचा, बारीक आली की पुढे यायचा, आणि खालची पाती बरोबर बोटभर मान ठेवून कापायची. एवढंच. पण हे एवढंच जमायला दोन हंगाम गेले. दर खेपेला आई कापलेले कांदे समोर घेऊन बसायची, प्रत्येकाच्या मानेला बोट लावायची आणि अर्धे बाजूला सारायची. ज्या दिवशी तिने एकही बाजूला सारला नाही, त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "आता हाय बरं." नाना त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. दुकानात जाऊन यंत्राला निळा रंग देत बसले.

मग अर्थातच पार. नारळ फुटला, पोतंभर कांदा यंत्रातून गेला, माणसं वाकून वाकून बघू लागली. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "नाना, आत काय हाय?" नानांनी खिशातून पाना काढला आणि चार बोल्ट सोडून झाकण बाजूला ठेवलं. रूळ दाखवले, पाती दाखवली. मी मोबाईलवर सगळं घेत होते. आणि हे मला विसरता येत नाही, त्यात माझाच आवाज आहे: "नाना, स्प्रिंगवर बोट ठेवा ना, नीट दिसेल."

संध्याकाळी मी तो व्हिडिओ नेटवर टाकला. मामा-मावश्यांना बघता यावा म्हणून. वर नाव दिलं, 'माझ्या वडिलांनी बनवलेलं कांद्याची पात कापायचं यंत्र, आतून संपूर्ण माहिती.' शास्त्र शिकवते ना मी, अर्धवट माहिती मला आवडत नाही.

पुढच्या वर्षी कांदा निघायला लागला तेव्हा शेवगावपासून माणसं यंत्र बघायला येऊ लागली, आणि कॉलेजातल्या एका सरांनी पेटंटचं सुचवलं. नानांना पैशाचं काही नव्हतं. कुणी त्यांचं बघून बनवलं तर ते वाकून त्याचं वेल्डिंग तपासायचे. त्यांना पाहिजे होतं ते वेगळंच. "सरकारच्या कागदावं लिवलं पायजे, का हे ह्यानं केलं," ते म्हणायचे. "मी मेल्यावर कोन सांगनार हाय?"

नगरच्या एका वकिलांकडे आम्ही गेलो. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि नानांना विचारलं, "हे याआधी कुठे दाखवलंय का? प्रदर्शनात, पेपरात, लोकांसमोर?"

"न्हाई," नाना म्हणाले. "भायेरच्या कुनालाच न्हाई."

मी शेजारी बसून मान डोलावली. आम्ही खोटं बोललो असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. पारापुढे दाखवणं हे दाखवण्यात धरायचं असतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. घरात केलेली भाजी घरच्यांना वाढली तर आपण तिला प्रदर्शन म्हणतो का? आणि तो व्हिडिओ मोजक्या नातेवाइकांनी बघून संपला होता. नाना सातवी शिकलेले, त्यांना माफ आहे. फॉर्म मी वाचला होता. मला माफ नाही, आणि मी माफी मागतही नाही.

अर्ज गेला, आणि बऱ्याच महिन्यांनी पेटंट कार्यालयाकडून हरकतींचं पत्र आलं. पानभर इंग्रजीच्या शेवटी नेटवरचा एक पत्ता आणि एक तारीख होती. मी तो पत्ता उघडला आणि पडद्यावरून नाना माझ्याकडे बघून हसले, पाना हातात घेऊन. अर्जाच्या आधी जे जगापुढे मांडलं गेलं, ते नवीन धरत नाहीत. मग ते मांडणारे तुम्ही स्वतः असलात तरी. वकिलांनी हे मला फोनवर शांतपणे समजावलं. माझी चिडचिड झाली ती त्यांच्या शांतपणामुळे. त्यांचं काय गेलं होतं?

ते म्हणाले, एकच वाट उरली आहे. व्हिडिओ हलतोय, गर्दीचा गोंगाट आहे, हात मध्ये येतो. त्यावरून आतली रचना कळत नाही, असं सुनावणीत म्हणायचं. जमलं तर जमलं. "फक्त नानांना बोलू देऊ नका," त्यांनी बजावलं.

सुनावणी आमच्या ओसरीवर झाली, लॅपटॉपवर. नानांनी सकाळीच दाढी केली होती आणि ठेवणीतली टोपी घातली होती. पडद्यावर एका चौकोनात वकील, दुसऱ्यात अधिकारी बाई. वकील इंग्रजीतून चांगलं बोलले. मला मनातून वाटलं, निभावतंय बहुतेक. मग त्या बाई मराठीत नानांकडे वळल्या. त्या चांगल्या होत्या, हे मला आजही कबूल करावं लागतं.

"काका, व्हिडिओत तुम्हीच ना?"

"व्हय, मीच."

"तुमचे वकील म्हणतात, त्यात यंत्र आतून नीट दिसत नाही. समजण्यासारखं तुम्ही काही दाखवलं नाही."

मी नानांच्या गुडघ्यावर हात दाबला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला.

"आसं कसं, म्याडम? झाकान काढून दावलंय मी. स्प्रिंग कुठं बसतीय, त्येबी दावलंय. पोरीनं जवळून घेतलंय. कुनीबी त्ये बघून उद्या बनवील."

वकिलांनी डोळे मिटले. बाई समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत म्हणाल्या, "ठीक आहे, काका."

लॅपटॉप मिटल्यावर मी नानांवर ओरडले. इतकी की आई मागच्या दारातून आली. तुम्हाला दोन मिनिटं गप्प बसता येत नव्हतं का, असं मी बापाला विचारलं. नाना माझ्याइतकेच तापले होते. "त्यो वकील खोटं बोलत हुता," ते म्हणाले. "मी गावाला आर्धवट दावलं म्हनत हुता. मारुतीपुढं उभं राहून मी हातचं राखलं व्हय?" मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. रागही गेला नाही.

अर्ज नाकारला गेला. आदेशाचा कागद मी वाचला, पाकिटात घातला आणि नानांना एवढंच सांगितलं की झालं नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही.

या हंगामात शेजारच्या मळेकऱ्याने एका कंपनीचं यंत्र आणलं. पिवळंधमक, चकचकीत, वर पेटंटचा नंबर कोरलेली पट्टी. पारापुढे आणलं आणि नारळ फोडायला नानांनाच बोलावलं, यंत्रातला जाणता माणूस म्हणून. आमच्या गावाला लाज कशी वाटत नाही, हे मला कळत नाही. पण नाना गेले. पोतं ओतलं, यंत्र चाललं. झाकणाला बोल्ट नव्हते, पान्याने न सुटणारे रिव्हेट मारलेले होते. कुणीतरी विचारलं, "नाना, आत काय हाय?" नानांनी झाकणावर तळहात ठेवला, घरघर ऐकली आणि सांगितलं, "एक रूळ स्प्रिंगवर हाय."

मी घरी येऊन तो नंबर शोधला. कंपनीचं पेटंट कांदे पुढे ढकलणाऱ्या ताटलीचं होतं, रुळाचं नव्हतं. रूळ आता सगळ्यांचाच आहे. चोरी झाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

नाना मागून आले. "त्यो सरकारचा कागद काढ," म्हणाले. "काय लिवलंय, मराठीत सांग."

मी पाकीट काढलं आणि शब्द न शब्द सांगत गेले. मधे एक वाक्य होतं: हेच यंत्र अर्जदाराने स्वतः तयार करून, अर्जाच्या आधी, गावकऱ्यांसमोर उघडून आणि चालवून दाखवलं होतं. पुढे तारीख.

नानांनी मला थांबवलं. ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजी सरकारनं लिवलंय, का मी केलं?"

"लिहिलंय."

"तारीखबी बराबर हाय?"

"बरोबर आहे."

"मंग नाकारलं कशापायी?"

"त्याच्याचसाठी, नाना," मी म्हणाले.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, ते वाक्य कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि न येणाऱ्या इंग्रजीकडे बराच वेळ बघत राहिले. मग कागद घडी करून परत दिला आणि चपला घालून दुकानात गेले.