नववीची हंडी

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांइतकं कमी इंग्रजी वापरून इंग्रजी शिकवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. शाळेच्या शिपायाला ते रोज सकाळी 'गुड मॉर्निंग, हाऊ डू यू डू' म्हणत आणि तपासणीला आलेल्या साहेबांशी मात्र ठणठणीत मराठीत बोलत. मी कारण विचारलं की म्हणायचे, "शिपायाला सराव हवाय हो बाई, साहेबांचा झालाय." शाळा आमची डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. सर राहणारे ठाण्याचे, टेंभी नाक्याचे, आणि हे राहणं नुसतं पत्त्यापुरतं नव्हतं. तरुणपणी ते गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थरात उभे राहायचे. त्यामुळे त्यांचा उजवा खांदा कायमचा थोडा खाली गेलेला, आणि इतक्या वर्षांत हंडी फुटताना त्यांनी एकदाही पाहिलेली नाही. अंगावर दही पडलं की फुटली असं समजायचं.

पथक सुटलं, पण थर काही सुटले नाहीत. जगातली कुठलीही गोष्ट बिघडली की सरांच्या मते तिचा खालचा थर कच्चा असायचा. स्नेहसंमेलन फसलं, खालचा थर कच्चा. माझ्या मुलीच्या लग्नात केटररने ऐनवेळी मठ्ठा कमी पाडला, तेव्हा साऱ्या मांडवात हे एकटेच शांतपणे जिलबी खात म्हणाले, "आचारी चांगला आहे बाई, वाढपी कच्चे घेतलेत." मला राग आला होता, पण खरं तेच होतं. माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी न सांगता, न विचारता स्टाफरूममधल्या प्रत्येकाच्या घरून रोज एकेक डबा हॉस्पिटलात येऊ लागला. हा थर कुणी लावला ते मला डिस्चार्ज मिळाल्यावर कळलं. विचारायला गेले तर सर फळा पुसायचं निमित्त करून पळाले.

पण सरांचं खरं वेड बघायचं ते नववीच्या पहिल्या दिवशी. आठवीपर्यंतच्या तुकड्या नववीला मोडून नव्याने होतात, आजूबाजूच्या शाळांतली मुलंही येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्ग म्हणजे नुसती माणसं असतात, वर्ग नसतो. सर आत शिरायचे, खुर्ची भिंतीला लावायचे आणि फळ्यावर एकावर एक चौकोनांचे थर काढून सगळ्यात वर एक हंडी काढायचे. टेबलावर त्यांच्या मिसेसनी करून दिलेला दहीपोह्यांचा मोठा डबा. कुणी भाबडेपणाने विचारायचा, "सर, पुस्तक काढू?" की सर गरजायचे, "हंडीला पुस्तक लागतं का रे?"

नियम सोपे होते. प्रत्येकाने स्वतःबद्दल इंग्रजीत एक वाक्य बोलायचं, की त्याचं नाव एका चौकोनात. ज्यांना फाडफाड येतं ते खाली. त्यांचं काम बोलून संपत नाही, वरचा अडला की त्याला शब्द पुरवायचा. जसजसं वर जावं तसतशी बुजरी मुलं, आणि सगळ्यात वर, हंडीपाशी, वर्गात ज्याचा आवाज सगळ्यात कमी तो. तो बोलला की हंडी फुटली, मग पोहे. आणि कुणी कुणाला हसलं, की सर हाताच्या पंजाने अख्खा फळा पुसायचे. "पडले थर! चला, पुन्हा सलामीपासून." एकदा एक पोरगा "आय अ‍ॅम डेली इट वडापाव" म्हणाला आणि वर्ग फुटला. सरांनी तीनदा फळा पुसला. चौथ्या वेळी मागच्या बाकावरचा एक दांडगट आपणहून ओरडला, "ए भाई, हसू नका रे, भूक लागलीय!" मी दारात उभी होते, सर मला म्हणाले, "बघा बाई, आता वर्ग झाला." या सगळ्यात आरोळ्या उठायच्या, मुख्याध्यापिका धावत यायच्या, आणि सर दरवर्षी पुढच्या तासातली पंधरावीस मिनिटं खायचे. पुढचा तास माझा असायचा, गणिताचा. मी दारात हातात पट्टी घेऊन उभी राहून पुटपुटायचे. सर आतून हात जोडायचे आणि खुशाल चालू ठेवायचे.

त्या वर्षी पहिल्या दिवशी सकाळी गेटपाशी एक बाई बसलेली दिसली. जवळच्याच गावातली, आगरी घरातली. गावाजवळची शाळा बंद पडली म्हणून मुलीला आमच्याकडे घातलेली. "इथं किती वेळ बसणार?" मी विचारलं. ती म्हणाली, "सुटंपर्यंत, बाई. पोरगी बोललीय, एक दिस बगतंय, नाय जमला तं उंद्या येनार नाय. तिच्या बोलन्याला हसतान ना सगली. आनि तिचा काका तं टपूनच हाय, बसवा बोलतो घरी." शिकणारी पोर एका दिवसाच्या बोलीवर आत गेली होती. मी तडक सरांना गाठून सांगितलं, जरा तिच्याशी गोड बोला. सर म्हणाले, "मी तिच्याशी काहीच बोलणार नाही."

मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! तास संपता संपता मी दारात जाऊन उभी राहिले. फळा भरला होता. फक्त वरचा एक चौकोन रिकामा, आणि ती मुलगी बाकाशी उभी, मान खाली. वर्ग चिडीचूप. खालच्या थरातली दोघंतिघं तिच्याकडे वळून ओठांनीच शब्द पुरवत होती. तिचे ओठ हलले, आवाज येईना. तेवढ्यात घंटा झाली.

"सर, घ्या अजून दहा मिनिटं," मी म्हटलं. नोकरीत पहिल्यांदाच म्हटलं असेन.

"नको बाई. घंटा म्हणजे घंटा." सरांनी डबा बंद केला. पोरं कळवळली, "सर, पोहे?" "हंडी फुटली का? नाही ना? उद्या ताजे आणतो." आणि फळा तसाच ठेवून निघून गेले. दरवर्षी माझा तास गिळणाऱ्या माणसाला आजच कसली शिस्त सुचली, या रागात मी कसेबसे समीकरणांचे धडे दिले. त्या फळ्याला हात लावायचा धीर मलाही झाला नाही. ते पोहे स्टाफरूमने खाल्ले. मी खाल्ले नाहीत.

शाळा सुटली तेव्हा मी मुद्दाम गेटपाशी रेंगाळले. आई उठून उभी राहिली. म्हणाली, "कं गो, जमल का? का नको येऊस उंद्या?"

पोरगी रडवेली झाली होती, पण वैतागून म्हणाली, "यावाच लागल ना, आये! माझ्यामुले सगल्यांचं पोहं रायलंन."

माझे डोळे भरून आले. सरांना जाऊन सांगितलं, तर एरवी प्रत्येक गोष्टीवर थर लावणारा हा माणूस नुसता चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी गेटपाशी कुणी बसलेलं नव्हतं. माझा तास नववीच्या शेजारच्या वर्गावर होता. मी फळ्यावर लिहीत होते आणि भिंतीपलीकडून आरोळी उठली, खिडक्या हादरतील अशी. मी खडू हातात धरून थांबले. ती काय बोलली ते मी कधीच विचारलं नाही. सर आता निवृत्त झालेत. ठाण्याला गेले की टेंभी नाक्यावर भाजी घेताना भेटतात, खांदा अजून उतरलाय. इकडे नववीचा पहिला तास वेळेवर सुरू होतो, वेळेवर संपतो, आणि माझा तास मला पूर्णच्या पूर्ण मिळतो. मुख्याध्यापिका म्हणतात, शिस्त आली. आली खरी. पण भिंतीपलीकडची ती शांतता ऐकवत नाही हो मला.