पाडायच्या भिंती

परदेशातलं एक युद्ध नुकतंच थांबलं होतं. तिकडे बांधकामाला माणसं हवी होती, म्हणून वाशिमला आमच्या कॉलेजच्या गवंडीकाम विभागात थोड्या दिवसांचा जादा वर्ग निघाला. त्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा एक तिशीचा माणूस होता. माझ्या शेजारीच तो भिंत बांधायचा.

सरावाच्या भिंती मातीच्या गाऱ्यातल्या असत. संध्याकाळी पोरं त्या लाथा घालून पाडायची आणि हसायची. तो मात्र एकेक वीट हातानं सोडवून, पुसून बाजूला रचायचा.

"मारा ना एक लाथ, भाऊ. बस चुकीन तुमची," मी एकदा म्हणालो.

तो वीट पुसतच राहिला. "जिथं लोकायचे घरं पडले, तिथंच आपून बांधाले चाललो. ते लोक जिते हायत का मेले, कोनी सांगत नाही. मले नाही हासू येत."

"मंग जाता काहून?"

"लेकरं हायत ना घरी," तो म्हणाला.

परीक्षेत तो पास झाला आणि तिकडे गेला. मी इथंच राहिलो.

या महिन्यात तिकडे पुन्हा बॉम्ब पडू लागले. मानोऱ्याला जाऊन तांड्यांवर चौकशी करावी म्हणून मी निघालो. बसस्टँडवर उभा राहिल्यावर लक्षात आलं, की त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.