मत्स्यबीजाचे डॉक्टर

नानासाहेबांनी आयुष्यात एकदाही मासा खाल्लेला नाही, आणि माझ्या मते एकदाही नीट हातात धरलेला नाही. तरी आमच्या शहरात माशांविषयी काही विचारायचं झालं तर लोक त्यांच्याकडेच बोट दाखवतात. ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. माझी मुलगी सत्यभामा त्यांच्या हाताखाली संशोधन करते, म्हणून या गृहस्थांना जवळून पाहायचा योग आला.

माणूस मूळचा वैजापूरकडचा, घरची कांद्याची शेती. डॉक्टर व्हायचं होतं, गुण कमी पडले. मग प्राणिशास्त्र घेतलं, आणि मार्गदर्शकाकडे तेव्हा मासे होते म्हणून मासे. त्यांच्याकडे रेशमाचे किडे असते तर हे रेशमाचे डॉक्टर झाले असते. पदवी मिळाल्यावर गावच्या घरावर ‘डॉक्टर’ अशी पाटी लावली, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आजारी म्हैस आणून दारात बांधली. हा किस्सा ते स्वतःच सांगतात आणि गावकऱ्यांच्या अडाणीपणावर पोटभर हसतात. म्हशीचं पुढं काय झालं ते सांगत नाहीत.

प्रबंधाचा विषय मात्र चांगला होता, एवढं कबूल करायला हवं. मत्स्यबीज, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून तळ्यावर आणतात. वाटेत पिशवीतलं पाणी तापतं. तसंच तळ्यात ओतलं तर पिल्लं मरतात. पिशवी आधी बंदच तळ्यावर तरंगू द्यायची. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की मग तोंड सोडायचं. एवढी एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली आणि तिच्यावर नोकरी, बंगला आणि मान मिळवला. त्यानंतर पाय ओले केले नाहीत.

वेरूळच्या पुढं एक तळं आहे. तिथं सोडलेलं बीज किती जगतं, आणि वाढलेला मासा शहराच्या बाजारात येईपर्यंत किती ताजा राहतो, हा सत्यभामाचा विषय. सर बाजारात सोबत यायचे. म्हणजे बाजाराच्या तोंडाशी नाकाला रुमाल लावून उभे राहायचे. आत जाऊन माशाचे कल्ले उघडून लाल आहेत की तपकिरी झालेत ते पाहायचं, अंगावर बोट दाबून खळगा भरून येतो का ते पाहायचं, हे सगळं हिनं. परिषदेत बोलायचं त्यांनी. मी चिडले की ती म्हणायची, “आई, सही त्यांची लागते.”

मागल्या वर्षी बीज सोडायला कुणी मोठे पाहुणे बोलावले होते. त्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या पिशवी उलटी करून फोटो काढून घेतला. शेजारी छत्री धरून आमचे डॉक्टर. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं लागली. सत्यभामाचं वर्ष गेलं आणि तळ्यावरच्या भोयांच्या जाळ्यात वर्षभर काही आलं नाही. यंदाही तेच झालं असतं तर तिचा अभ्यास तिथंच संपला असता. म्हणून तिनं सरांना आधीच विनवून ठेवलं होतं, की पाहुणे कुणीही असोत, पिशव्या आधी तरंगू द्यायच्या. सर म्हणाले होते, “अर्थात. शास्त्र म्हणजे शास्त्र.”

यंदा पाहुणे म्हणून कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब होते. राहवेना म्हणून मीही डबा घेऊन गेले. पिशव्या नुकत्याच पाण्यात सोडल्या होत्या, तेवढ्यात ते आले. फोटोवाला घाई करू लागला. तात्यासाहेबांनी सरांनाच विचारलं, “नानासाहेब, लगेच सोडायचं का थांबायचं? तुमचा विषय आहे.”

तात्यासाहेब थांबायला तयार होते. खुर्ची मांडली होती, चहा उकळत होता. साऱ्या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या नावावर छापलेलं आहे असा एकच माणूस, आणि तो समोर उभा.

“तशी खास गरज नाही, साहेब,” सर म्हणाले. “आपल्या सोयीनं.”

भोयांच्या संस्थेचा म्होरक्या कारभारी पाण्याकडे बघत पुटपुटला, “मग मागल्या साली काय हसून हसून मेले व्हय मासे?”

सत्यभामा गुडघाभर पाण्यात होती. तिनं पिशवीवर हात ठेवला. “गरज आहे, साहेब. सरांच्याच प्रबंधात लिहिलंय. अर्धा तास लागेल.”

तात्यासाहेबांनी एकदा हिच्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, “मग चहा घेऊ.”

त्यावर सरांनी काय करावं? घसा साफ केला आणि पुरा अर्धा तास, थांबणं का आवश्यक आहे यावर व्याख्यान दिलं. तात्यासाहेब मान डोलवत राहिले. शेवटी पिशवीचं तोंड सोडताना सरांनीही दोन बोटं लावली. पेपरात तीच दोन बोटं आली, खाली ‘शास्त्रशुद्ध पद्धतीने’.

परतताना जीपमध्ये मला म्हणाले, “ताई, मुलगी हुशार आहे. पण कुठं बोलावं ते शिकवा तिला.” मी हो म्हटलं. सही व्हायची होती.

बीज जगलं. मासे चांगले हातभर झाले. सत्यभामाचा प्रबंध लिहून झाला आणि सरांच्या टेबलावर जाऊन पडला, विचारलं की म्हणतात, “वाचतोय.” अध्यक्षांना एका चहापुरतंही थांबवायला जे धजले नाहीत, त्यांना माझ्या मुलीला थांबवताना काहीच जड जात नाही.

काल कारभारीनं पहिल्या जाळ्यातला मोठा रोहू मानानं सरांच्या बंगल्यावर पाठवला. त्यांनी तो शिपायाच्या हाती आमच्याकडे लावून दिला, त्यांच्या घरी चालत नाही म्हणून. सत्यभामानं सवयीनं कल्ला उचलून पाहिला. लालभडक. मी शिपायाला विचारलं, सरांनी आणखी काही दिलंय का.

“नाय बाई, मासाच दिला,” तो म्हणाला. “आन् पिशवी परत मागितली हाय.”