मधला कॉम्प्युटर

साकीनाक्याला आमच्या पत्रा कापायच्या कारखान्यात एक काचेची खोली आहे. खोली कसली, खोकंच. त्यात आमची वनमाला कित्येक वर्षं बसलीय. मी बाहेर पॅकिंगला असते, त्यामुळे ती रोज समोर दिसते.

तिचं काम सांगते. पवईच्या ऑफिसातून ड्रॉइंगच्या फायली येतात आणि त्याप्रमाणे कटिंग मशीन पत्रा कापतं. पण मशीन जुनं. नव्या कॉम्प्युटरांची फाइल शेअर करायची पद्धत त्याला कळत नाही, आणि त्याची जुनी पद्धत नवे कॉम्प्युटर धोक्याची म्हणून चालवून घेत नाहीत. मग वनमालानं मध्ये एक जुनाट कॉम्प्युटर बसवला, दोघांचंही ऐकणारा. त्यात एक शेअर फोल्डर. पवईवाले त्यात फाइल टाकतात, मशीन तिथून उचलतं. झकास डोकं लावलं बाईनं, आणि स्वतःचीच वाट लावून घेतली. कारण तो फोल्डर सारखा गायब होतो. कधी पासवर्डच मागत बसतो, कधी दोन कॉम्प्युटर नेटवर्कवरचा एकच नंबर घेऊन भांडतात. ते निस्तरणं फक्त तिलाच जमतं. सुट्टीवर असली तरी फोन चालूच.

मशीन तिच्या खोलीला लागून. त्या आवाजानं तिचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, उजवा वाचवायचा असेल तर तिथून उठा. ती हर्षदशेठकडे गेली, पवईला बदली मागायला. आमचा मालक तो. म्हणाला, "तो मधला डबा बंद पडला की सगळं नवीन घेऊ, मग तू जा पवईला. चालतोय तोवर चालू दे ना." दर वेळी हेच. माझं तर डोकंच फिरतं त्या माणसावर.

यंदा खंडेनवमीची पूजा झाली. सगळ्या मशीनना झेंडू, हळदकुंकू. मधल्या कॉम्प्युटरला हार वनमालानंच घातला, आणि हार नीट करता करता मागची नेटवर्कची वायर हळूच उपसली. मी दारातच होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं आणि प्रसादाच्या पुड्या बांधायला लागले. सुटू दे गं बाई एकदाची, असं मनापासून वाटलं.

पूजेनंतर आमच्याकडे शुभ म्हणून एक पत्रा कापतातच. मशीनवर दशरथ असतो. त्याला फोल्डरच सापडेना. शेठ खोलीत आला. वनमालानं जरा बटणं दाबल्यासारखं केलं आणि म्हणाली, "गेला वाटतं." शेठनं मान हलवली. "ठीक आहे, नवीन मागवतो. तू पवईला जायच्या तयारीला लाग."

ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. पवईला बायका डबा कुठे बसून खातात, ते मला विचारायला लागली.

दशरथ बिचारा मालवणकडचा, भला माणूस. ऐन पूजेच्या दिवशी वनमालावर खापर फुटायला नको, म्हणून तो आत शिरला. काही अडलं तर आधी वायरीचा हिरवा दिवा बघ, हे तिनंच त्याला शिकवलेलं. त्यानं हार बाजूला केला, वायर खोचली. मशीनच्या पडद्यावर फोल्डर आला. शेठ म्हणाला, "मग नवीन राहू दे."

दशरथ धावत बाहेर आला, तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला. "वनमाला, वायर सुटलेली गो फक्त. झाला चालू. चल, पहिलो पत्रो तुझ्याच हातान."

तिला ऐकू आलं नाही. ती डब्याबद्दलच बोलत होती. शेवटी मी उठले, तिच्या उजव्या बाजूला गेले आणि मलाच ते सांगावं लागलं.

तिनं हातातला प्रसादाचा पेढा परत पुडीत ठेवला. मग दशरथला म्हणाली, "बरं झालं रे." आणि आत जाऊन तिनं मशीनचं बटण दाबलं.