ओसरीवरचं जहाज

मी सांगलीची. नव्वदचं दशक संपता संपता लग्न होऊन वडूजजवळच्या एका गावात आले. तिथं घरटी एक फौजी. आमचे हे मात्र नौदलात गेलेले, म्हणून गावाला ते जरा वाट चुकलेलेच वाटायचे. लग्नानंतर दोन महिन्यांत त्यांना परदेशातल्या गोदीत धाडलं. तिथं आपल्या नौदलासाठी नवी फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, बांधत होते. ती चालवायला शिकायचं आणि घेऊनच परत यायचं. दीड वर्ष तरी जाणार होतं.

मुलाचं पत्र वडिलांच्या नावानं येणार आणि ओसरीवर मोठ्यानं वाचलं जाणार, ही तिथल्या फौजी घरांची रीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार. चार म्हातारे जमले, चहा झाला, की ते चष्मा चढवत. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. पत्रात सगळं जहाजच. भिंती तिरक्या केल्यात, त्यामुळे एवढं थोरलं धूड रडारवर होडीएवढं दिसतं.

"म्हंजी दिसतच न्हाई व्हय?" कुणीतरी विचारी.

"दिसतंय रं, पर बारकं," मामंजी छाती काढून सांगत.

शेवटी 'घरात सर्वांना नमस्कार'. त्या सर्वांत मी आले, सासूबाई आल्या, दावणीची म्हैसही आली. मला फार एकटं वाटायचं, आणि रागही यायचा.

एका बाजाराच्या दिवशी मी वडूजला जाऊन स्वतःच पत्र टाकलं. मागणं एकच: एकदा तरी फक्त मला लिहा.

दीड महिन्यानं पोस्टमननं नेहमीप्रमाणे पाकीट मामंजींच्या हातात दिलं. म्हातारे सरसावून बसले. मामंजींनी पाकिटावरचं माझं नाव वाचलं आणि मला हाक मारली.

"घे पोरी. तुझं हाय."

त्यांनी ते फोडलंही नव्हतं. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे मला आज कळतं.

परसात धुण्याच्या दगडावर बसून मी वाचलं. तीन पानं. इंजिनांचा आवाज, क्षेपणास्त्रं ठेवायची जागा, हेलिकॉप्टर उतरतं ती जागा. खाली घरात सर्वांना नमस्कार. बिचाऱ्यांना दुसरं लिहिताच येत नव्हतं. घरी लिहायचं म्हणजे ओसरीसाठी, एवढंच त्यांना ठाऊक. मी रडले, खोटं कशाला सांगू.

तोंड धुऊन आत आले, तर सगळे थांबलेलेच.

"काय म्हंतंय जहाज?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"जहाजाचं काहीच नाही त्यात," मी म्हणाले.

मामंजी गालातल्या गालात हसले. "मग आता तिला कुणी काय इचारू नगा."

आणि मला खरंच कुणी काही विचारलं नाही.