फ्लेक्सवरच्या बाई

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाई ज्यू होत्या, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मूळच्या अलिबागकडच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि इथल्याच मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. शनिवारी त्यांच्याकडे गॅस पेटत नसे आणि मटणाच्या ताटात दही येत नसे. यापलीकडे त्यांच्यात आणि आमच्यात मला काही फरक दिसला नव्हता.

मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये दहावीला इतिहास शिकवते. इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मराठीत बोलताना अजूनही आधी मनात वाक्य जुळवते. दुसरं महायुद्ध शिकवत होते, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, जर्मनीचा त्यो हुकूमशहा काय बी म्हणा, देश शिस्तीत चालवला की त्यानं."

त्याच्या शेजारचा लगेच म्हणाला, "आन् ज्यू तरी कुठं साधे हायत? मोबाईलवर बघा, आत्ता काय करत्यात ते. तसंच पायजे व्हतं त्यास्नी."

वर्ग हसला. मी ज्यूंच्या छळछावण्यांच्या तारखा आणि मेलेल्यांचे आकडे सांगितले. त्यांनी ते वहीत नीट उतरवून घेतले.

संध्याकाळी बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सांगितलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"'तसंच पायजे' म्हणणाऱ्यानं ज्यू माणूस बघितलाय का कधी?"

"विचारलं मी. नाही म्हणाला."

"मग बघू दे की."

असं बाईंचं व्याख्यान ठरलं. रविवारी संध्याकाळी, तरुण मंडळाच्या हॉलमध्ये. मंडळाचा अध्यक्ष बाईंचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाईंचं भाषण? करूया की! चौथीला लई मारलंय आमाला."

"अजून मारीन," बाई म्हणाल्या.

त्या मलिदाही करणार होत्या. गूळखोबरं घालून कालवलेले पोहे आणि वर फळं. त्यांच्या समाजात एका जुन्या संदेष्ट्याच्या नावानं नवस बोलताना किंवा फेडताना तो करतात आणि सगळ्यांना वाटतात.

"नवस कसला?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "हे गेल्यापासून बहीण मला तिकडे बोलावते आहे, इस्रायलला. मी दर वेळी सांगते, माझं गाव हे आहे. ते फोनवर सांगून झालंय. एकदा चारचौघांत सांगायचंय आणि चारचौघांनी हो म्हणायला हवंय. मग मी कुठे जात नाही."

शुक्रवारी फ्लेक्स लागला. मंडळानं कुणाला न विचारता, हौसेनं केला होता. मधोमध बाईंचा सत्कारातला जुना फोटो, मागे रणगाडे, वर दोन विमानं आणि निळापांढरा झेंडा. खाली मोठ्या अक्षरांत: 'इस्रायलच्या वाघिणीचं कोल्हापूरनगरीत सहर्ष स्वागत'. ज्या इमारतीत त्यांचं आयुष्य गेलं, तिच्याच फाटकावर तो बांधला होता.

शनिवारी सकाळी फोटोवर काळं ऑइल फासलेलं होतं आणि खाली 'खुनी' असं लिहिलेलं.

पोरं खवळली. "कोण हाय त्यो, दावतोच त्येला." अध्यक्ष बाह्या सरसावून बाईंच्या दारात आला. "तुमी फकस्त सांगा बाई, नवा लावतो, याच्या दुप्पट!"

बाई म्हणाल्या, "ऑइल फासणाऱ्यानं मला ओळखलं नाही, ते मी समजू शकते. तू ओळखतोस ना रे मला? मग ते रणगाडे कुणाचे आहेत?"

त्याला ते कळलं नाही. फ्लेक्स मात्र त्यानं स्वतः उतरवला.

रविवारी हॉल भरला होता. माझा वर्गही आला होता. बाई वर्गात बोलाव्यात तशा बोलल्या. कोकणच्या किनाऱ्याला गलबत फुटून आलेले पूर्वज, त्यांचे तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं 'शनिवार तेली' हे नाव. या मातीतून आम्हाला कुणी हाकललं नाही, म्हणाल्या. मग युरोपात काय झालं ते आवाज न चढवता सांगितलं. शेवटी इस्रायलच्या आजच्या लढाईवर आल्या.

"तिथल्या सरकारला नावं ठेवा, मीही ठेवते. तिकडची मेलेली मुलं टीव्हीवर बघून मला जेवण जात नाही. पण तो देशच पुसून टाका असं तुम्ही म्हणता, तेव्हा माझ्या बहिणीचं घर पुसा म्हणता. आणि तिथल्या रागापायी इथल्या कुणाच्या तोंडाला काळं फासता, तेव्हा तो राग लढाईवरचा राहिलेला नसतो."

टाळ्या पडल्या. मला वाटलं, जमलं.

पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि हात जोडून अगदी मायेनं म्हणाले, "बाई, लई सोसलंय तुमच्या लोकांनी. आता स्वतःच्या देशात कधी जाणार?"

"मी अलिबागची आहे."

"ते खरं वो. पण मूळ?"

माना डोलल्या. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. बाईंनी माईक टेबलावर ठेवला आणि मलिदा वाढायला घेतला.

'तसंच पायजे व्हतं' म्हणणारा माझा तो मुलगा मलिद्याची दुसरी ताटली घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, "पटलं मॅडम. बाई लई भारी. पण बाई येगळ्या, बाकीचे ज्यू येगळे."

मी आता शाळाशाळांतून या विषयावर बोलते. मराठी थोडी सुधारली आहे. पण ते 'येगळ्या' ऐकलं की अजून माझी जुळवलेली वाक्यं संपतात.

व्याख्यानानंतर त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला, तेव्हा बाईंनी नाही म्हटलं नाही.

बाई इस्रायलला निघाल्या तेव्हा सगळं मंडळ आलं. पोरांनी बॅगा उचलल्या, हार घातला, फोटो काढले. अध्यक्षाचे डोळे भरले होते. "जावा बाई, निर्धास्त जावा. तितं तुमची आपली माणसं हायत."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे त्या अशाच बघत असणार. मग त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि रिक्षात बसल्या.