पाणपोईपुढची खोकी

कॉलेजच्या आवारातली पाणपोई कुणीतरी आईच्या स्मरणार्थ बांधली आहे. आईचं नाव आता दिसत नाही. कँटीनवाल्याने पाटीपुढे बाटलीबंद पाण्याची खोकी रचली आहेत. काल एक विद्यार्थिनी घरची रिकामी बाटली घेऊन तिथे आली.

"काका, नळाला पाणी नाही?"

"बंद केलाय तो. बाटली घे की, थंडगार आहे."

"बाटली आहे माझ्याकडे. पाणी नाहीये."

त्याने खोक्यातली एक बाटली काढून तिच्यापुढे धरली.

आपल्याकडे दारी आलेल्याला नावगाव विचारण्याआधी पाण्याचा तांब्या देतात. इथे नावगाव विचारून, प्रवेश देऊन, मग पाणी विकतात. किळस येते ती याची.

मुलगी स्वच्छतागृहात गेली. हात धुवायच्या नळाखाली तिने बाटली तिरकी धरून भरली, बाहेर आली आणि श्वास रोखून प्यायली.